पद गेल्यानंतरच प्रशिक्षक का बोलतात?

नाशिक - भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावरून दूर केल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, म्हणजे २१ जून २०२४ रोजी, क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच यांनी इंटरनेटवरून भारतीय पत्रकारांशी दीर्घ संवाद साधला. त्यातील वाक्ये त्या दिवसापासून दूरचित्रवाणीवर, मोबाईलवर आणि चाहत्यांच्या गप्पांत फिरत राहिली. त्यानंतर संघाने आणखी दोन प्रशिक्षक पाहिले, जागतिक क्रमवारीत देश आणखी खाली गेला, आशियाई चषकाची पात्रताही हुकली. मात्र प्रत्येक पराभवानंतर स्टिमॅच यांची तीच मुलाखत पुन्हा वर येते आणि चाहत्यांत तोच वाद नव्याने सुरू होतो. एक गट म्हणतो, 'त्यांनी सांगितलेले सगळे खरे ठरले'. दुसरा गट म्हणतो, 'स्वतःचे अपयश झाकण्यासाठीच त्यांनी ते सांगितले'.

हा वाद केवळ एका परदेशी प्रशिक्षकापुरता असता, तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु या वादामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या देशात फुटबॉलच्या चाहत्याला कारभाराविषयीची माहिती मिळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे, नोकरी गेलेल्या माणसाचा संताप. पदावर असताना प्रशिक्षक बोलत नाही, महासंघ बोलतो ते पत्रकातून आणि तेही उत्तरादाखल. त्यामुळे माहितीची खातरजमा करण्याऐवजी चाहत्याला बोलणाऱ्याच्या हेतूची परीक्षा घेत बसावे लागते.

स्टिमॅच नेमके काय म्हणाले, हे आधी पाहिले पाहिजे. महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे जितक्या लवकर पद सोडतील तितके भारतीय फुटबॉलच्या हिताचे ठरेल, असे त्यांनी थेट नाव घेऊन सांगितले. देशात इतर खेळ वाढत असताना फुटबॉल मात्र वाढत नाही, असा त्यांचा आरोप होता. आशियाई चषकापूर्वी महासंघाने आपल्याला निर्वाणीचा इशारा दिला, त्या ताणातून प्रकृती बिघडली आणि स्पर्धेनंतर हृदयावर उपचार करून घ्यावे लागले, असेही त्यांनी सांगितले. खेळाडूंची धाव आणि थकवा मोजणारी जीपीएस साधने दीर्घकाळ उपलब्ध नव्हती, शिबिरांना पुरेसे दिवस मिळाले नाहीत, अशा तक्रारीही त्यात होत्या. यावर महासंघाने पत्रक काढून उत्तर दिले. प्रशिक्षकाला हवे ते सहकार्य देण्यात आले होते आणि महासंघाची प्रतिमा मलिन करणे एवढाच या वक्तव्यांचा हेतू आहे, असा त्या उत्तराचा सूर होता.

येथे चाहत्यांची विभागणी झाली. अर्थात ती एका दिवसात झाली नव्हती. तिची मुळे त्याआधीच्या वर्षभरात होती आणि ते वर्ष समजून घेतल्याशिवाय प्रतिक्रियांचा अर्थ लागत नाही.

टाळ्यांचे वर्ष

स्टिमॅच मे २०१९ मध्ये भारतात आले. १९९८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या क्रोएशियाच्या संघात ते होते, पुढे त्याच देशाच्या संघाचे प्रशिक्षकही झाले. भारताबरोबर सप्टेंबर २०१९ मध्ये दोहा येथे, सुनील छेत्री मैदानात नसताना, आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखल्याने त्यांच्याविषयीच्या अपेक्षा वाढल्या. परंतु त्यांच्या कारकिर्दीचे शिखर २०२३ हे वर्ष ठरले. मार्चमध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा, जूनमध्ये भुवनेश्वर येथे लेबननला २-० असे हरवून आंतरखंडीय चषक आणि ४ जुलै रोजी बंगळूरला पेनल्टी शूटआऊटमध्ये कुवेतवर मात करून 'सॅफ' विजेतेपद, अशी तीन यशे लागोपाठ मिळाली. जुलै २०२३ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत ९९ व्या स्थानावर पोचला.

याच 'सॅफ' स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध खेळाडू थ्रो-इन घेत असताना स्टिमॅच यांनी त्याच्या हातातील चेंडू काढून घेतला आणि त्यांना लाल कार्ड मिळाले. भारताने तो सामना ४-० असा जिंकला, छेत्रीने तीन गोल केले. पुढे कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात त्यांना पुन्हा लाल कार्ड दाखविण्यात आले. प्रशिक्षकाच्या दृष्टीने हा बेशिस्तीचा प्रकार होता. चाहत्यांना मात्र त्यात आपल्या संघासाठी भांडणारा माणूस दिसला. आज त्याच माणसाच्या तोंडाळपणावर टीका करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या दिवसांत त्याचे कौतुक केले होते, ही गोष्ट विसरता येणार नाही. जिंकत असताना जो स्वभाव लढाऊ वाटतो, तोच हरल्यानंतर उद्धट वाटू लागतो. क्रिकेटमध्ये ग्रेग चॅपेल यांच्याबाबतीत आपण हे पाहिलेच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने धक्कादायक वृत्त प्रसिद्ध केले. जून २०२२ मधील आशियाई चषक पात्रता सामन्यांच्या वेळी स्टिमॅच यांनी संघनिवडीसंदर्भात एका ज्योतिषाशी संपर्क ठेवला होता, असे ते वृत्त होते. व्यावसायिकतेच्या अभावाबद्दल महासंघाला धारेवर धरणाऱ्या प्रशिक्षकाच्या विश्वासार्हतेला त्यामुळे तडा गेला. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाखतीवर अविश्वास दाखविणाऱ्यांच्या हाती हा मुद्दा आयताच होता.

त्यानंतर घसरण वेगाने झाली. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही. २६ मार्च रोजी गुवाहाटी येथे विश्वचषक पात्रता फेरीत अफगाणिस्तानने भारताला २-१ असे हरविले आणि स्टिमॅच यांच्या हकालपट्टीची मागणी उघडपणे होऊ लागली. ६ जून रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतशी गोलशून्य बरोबरीत सुटला. शेवटची आशा ११ जूनच्या दोहा येथील सामन्यावर होती. लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत आघाडीवर होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेल्याचे टीव्हीवर दिसत असतानाही पंचांनी कतारचा गोल मान्य केला. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हते. पुढे दुसरा गोल झाला आणि भारत १-२ असा हरून स्पर्धेबाहेर गेला.

या एका निर्णयाने चाहत्यांचा गोंधळ वाढविला, असे म्हणावे लागेल. त्या गोलवरचा संताप रास्त होता, महासंघानेही त्याविरुद्ध दाद मागितली. पण अफगाणिस्तानविरुद्धच्या दोन सामन्यांत मिळून भारताला एकच गुण मिळाला होता, हे त्या संतापाखाली झाकले गेले. दोह्याला जे झाले तो अन्याय होता. त्या अन्यायावर अवलंबून राहण्याची वेळ मात्र गुवाहाटीने आणली होती.

दोन गट, दोन्हींकडे पुरावा

स्टिमॅच यांच्यावर टीका करणाऱ्या चाहत्यांचा मुख्य आक्षेप साधा होता. तिसऱ्या फेरीत संघाला नेऊ शकलो नाही तर मी स्वतः पद सोडेन, असे त्यांनी पात्रता सामन्यांदरम्यान जाहीर केले होते. प्रत्यक्षात त्यांनी राजीनामा दिला नाही. १७ जूनला महासंघाने त्यांना काढले आणि त्यानंतर त्यांनी थकबाकीसाठी 'फिफा'कडे जाण्याचा इशारा दिला. शब्द पाळायचा नाही आणि पैशासाठी भांडायचे, मग अशा माणसाच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा हा युक्तिवाद. त्यांच्याआधीचे प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी जानेवारी २०१९ मध्ये बहरीनकडून शेवटच्या क्षणी पराभव झाल्यावर शारजातच पद सोडले होते. ती तुलना स्टिमॅच यांच्या विरोधात जाते.

दुसऱ्या गटाकडेही पुरावा कमी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघ आदल्या दिवशी संध्याकाळी चीनमध्ये पोचला आणि दुसऱ्याच दिवशी यजमानांकडून १-५ असा हरला. क्लब आपले खेळाडू सोडायला तयार नव्हते आणि संघ शेवटच्या क्षणापर्यंत जुळविला जात होता. आशियाई चषकाच्या तयारीसाठीही दोहा येथे जेमतेम दोन आठवडे मिळाले. शिबिरांना दिवस मिळत नाहीत ही तक्रार केवळ नंतर रचलेली सबब नव्हती. ती सामन्यांच्या तारखांतूनच दिसत होती.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते येथे एका बाजूचा न्याय करण्याचा आग्रहच चुकीचा आहे. स्टिमॅच यांनी तीन सामन्यांत एकही गोल न करणारा संघ उतरविला, त्याची जबाबदारी त्यांची. हांगझोऊला संघ उशिरा पोचला, ती जबाबदारी क्लब, लीगचे आयोजक आणि महासंघ यांची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. परंतु मुलाखतीवर सुरू झालेल्या वादात तसे म्हणणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागली.

पैशाचा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टिमॅच यांचा करार २०२६ पर्यंत वाढविण्यात आला. आठ महिन्यांत त्यांना काढले, तेव्हा तो करार मुदतीपूर्वी संपविण्याचे महासंघाच्या सोयीचे कलमच त्यात नसल्याचे पुढे आले. कार्यकारिणीने ठरविले एक आणि करारात आले दुसरे, असे महासंघाचे म्हणणे होते. तसे असेल तर ते महासंघाच्या कार्यालयातच घडले, क्रोएशियात नव्हे. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये ४ लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपये देऊन हा वाद मिटविण्यात आल्याचे वृत्त आले. या रकमेवर चाहत्यांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. मुलाखतीतील एका वाक्यावर आठवडाभर भांडणारे चाहते करारातील न लिहिलेल्या कलमाविषयी फारसे बोलले नाहीत. कारण मुलाखत टीव्हीवर दिसते, कराराचा कागद दिसत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण

आपल्याच राज्यात याच्या उलट चित्र पाहायला मिळते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ खेळतात. तिथला प्रेक्षक हा त्याच गल्लीतला असतो. संघ हरला तर प्रशिक्षकाला आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकातून जावे लागते. तेथे भांडणेही होतात, मारामाऱ्यांमुळे सामने थांबल्याचीही उदाहरणे आहेत, त्यामुळे त्या व्यवस्थेचा अतिरेकी गौरव करण्याचे कारण नाही. मात्र जबाब कोणाला विचारायचा, हे तेथील प्रेक्षकाला ठाऊक असते. भारताच्या १७ वर्षांखालील विश्वचषक संघात २०१७ साली खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून आलेला कोल्हापूरकर आहे.

मुंबई-पुण्याच्या चाहत्यांचे नशीब याहून वाईट. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी आणि मुंबई एफसी हे संघ आले आणि गेले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गाशा गुंडाळून गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली. या प्रत्येक वेळी चाहत्यांना काय सांगण्यात आले? एखादे पत्रक, एखादे आभाराचे वाक्य. बालेवाडीला वर्षानुवर्षे तिकीट काढून जाणाऱ्या माणसाला आपला संघ का बंद झाला, हे विचारण्याचे ठिकाणच नव्हते. सध्याचे भारतीय प्रशिक्षक खालिद जमील यांनी याच मुंबई एफसीला सात हंगाम सांभाळले होते. तेव्हा त्यांच्या मुलाखतींसाठी कोणी वाहिनी थांबत नव्हती.

प्रेक्षकाला थेट साद घातली तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईचेच आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून लोकांना विनंती केली, की आमच्यावर टीका करा, ओरडा, पण मैदानावर येऊन करा. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. भर पावसात लोक उभे राहिले. खेळाडूच्या एका चित्रफितीने चाहता घरातून मैदानात गेला. माजी प्रशिक्षकाच्या मुलाखतीने तो दिवाणखान्यातच दोन गटांत विभागला गेला. या दोन्हींत फरक एवढाच, की छेत्री त्या वेळी संघाचा कर्णधार होता, त्याला त्याच मैदानावर पुन्हा उतरायचे होते.

नाशिककर चाहता कोठे आहे?

नाशिकमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर येतो. हे शहर धावण्याचे आहे, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. तिचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांचे काम नाशिककरांनी मैदानावर रोज पाहिले. धावण्यात प्रशिक्षकाला मुलाखतीतून स्वतःचा बचाव करावा लागत नाही, घड्याळच त्याचे उत्तर देते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असतो तेव्हा प्रेक्षक खेळाडूंच्या इतका जवळ असतो, की झेल सुटल्यावरचा त्याचा शेरा सीमारेषेवर ऐकू जातो.

फुटबॉलचे तसे नाही. येथील तरुणाच्या अंगात मँचेस्टर किंवा माद्रिदच्या संघाचा टी-शर्ट असतो आणि रात्री उशिरापर्यंत तो युरोपातील सामना पाहतो. भारतीय संघाचा सामना पाहायला त्याला पावणेदोनशे किलोमीटरवरील मुंबई गाठावी लागते आणि तेथेही असे सामने वर्षानुवर्षे होत नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला. राज्यभरातील शाळांना त्यासाठी चेंडू वाटले, मंत्र्यांनी किक मारली, छायाचित्रे छापून आली. एका दिवसाने लीग उभी राहत नाही, हे सांगायला मात्र तज्ज्ञाची गरज नाही. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आता मतदार झाला. शाळेच्या संघानंतर त्याने खेळायचे कोठे, याचे उत्तर त्याला मिळालेले नाही. अशा मुलासाठी राष्ट्रीय संघ म्हणजे टीव्हीवरचे नव्वद मिनिटे आणि त्यानंतरची भांडणे. स्टिमॅच यांच्या मुलाखतीवर तो पोटतिडकीने बोलतो, कारण भारतीय फुटबॉलशी त्याचा तेवढाच संबंध उरलेला आहे.

या बोलण्याला हसणे सोपे आहे. 'मैदानावर न गेलेल्यांनी कशाला बोलावे' असे अनेक जुने खेळाडू म्हणतात. परंतु ज्याला मैदानच दिलेले नाही, त्याला मैदानावर न आल्याचा दोष कसा द्यायचा?

मुलाखतीनंतरची दोन वर्षे

स्टिमॅच गेल्यानंतर स्पेनचे मानोलो मार्क्वेझ आले. एफसी गोवा संघाचे प्रशिक्षकपद सांभाळून त्यांनी राष्ट्रीय संघाचेही काम पाहावे, अशी सोय करण्यात आली. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावे लागले. बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव झाल्यावर जुलै २०२५ च्या सुरुवातीला मार्क्वेझही गेले. ते जाताना फारसे काही बोलले नाहीत. त्यांच्या जाण्यावर चाहत्यांत वादही झाला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जो गप्प जातो त्याच्या काळातील चुकाही गप्पपणे जातात.

नव्या प्रशिक्षकासाठी १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक झावी यांचा अर्ज असल्याचे आधी सांगण्यात आले. नंतर त्यांच्या आणि पेप गार्डिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नसल्याचा खुलासा महासंघाला करावा लागला. चाहत्यांनी त्यावर मनसोक्त विनोद केले. पण ज्या संस्थेला आलेला ई-मेल खरा की खोटा हे जाहीर करण्यापूर्वी तपासता येत नाही, तिने प्रशिक्षकाच्या आरोपांवर काढलेले पत्रक चाहत्याने निमूटपणे खरे मानावे, अशी अपेक्षा कशी ठेवायची, हा त्यातला विनोद नसलेला भाग आहे.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड झाली. गोव्याचे साव्हियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर प्रथमच भारतीय माणूस या पदावर आला. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला आणि थोडा काळ समाधान वाटले. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर छांगटेने आघाडी मिळवून दिली असतानाही सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद झाला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही भारताला हरविले, तब्बल २२ वर्षांनी. त्या महिन्यात भारत क्रमवारीत १४२ व्या स्थानावर गेला. क्रोएशियन, स्पॅनिश, भारतीय अशी माणसे बदलली. आकडा एकाच दिशेने सरकत राहिला.

दरम्यान लीगच थांबली. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नव्या कराराचा पत्ता नसल्याने जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग स्थगित ठेवण्यात आली. २०२६ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन आदी खेळाडूंनी एक चित्रफीत प्रसिद्ध करून थेट 'फिफा'ला साकडे घातले, की भारतीय फुटबॉल वाचवा. काही दिवसांतच केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग होणार असल्याचे जाहीर केले.

खेळाडूंच्या त्या चित्रफितीतील आशय स्टिमॅच यांच्या मुलाखतीहून फार वेगळा नव्हता. कारभार कोलमडला आहे, हेच ते सांगत होते. मात्र या वेळी चाहते दोन गटांत विभागले गेले नाहीत. बोलणाऱ्यांच्या अंगावर अजून जर्सी होती आणि बोलल्याने त्यांचे नुकसान होण्याची शक्यता होती. स्टिमॅच बोलले तेव्हा त्यांच्याकडे गमावण्यासारखे काही उरले नव्हते. मिळविण्यासारखी रक्कम मात्र बाकी होती. त्यांचे म्हणणे खोटे होते म्हणून नव्हे, तर ते उशिरा आले म्हणून कमी पडले. पदावर असताना, हांगझोऊहून परतल्यावर, त्यांनी हेच कागदपत्रांसह मांडले असते तर? अर्थात तसे बोलण्याची मुभा करार देतात का, हा प्रश्न उरतोच. निर्वाणीचा इशारा मिळालेला कर्मचारी मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षाही भाबडी आहे.

इतर देशांत हा पेच अगदी सुटला आहे असे नाही. तरीही जर्मनीत क्लबच्या मताधिकारात सभासदांचे बहुमत असण्याचा नियम आहे. इंग्लंडने चाहत्यांच्या पुढाकारातून झालेल्या पाहणीनंतर जुलै २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला आणि क्लबांना चाहत्यांशी सल्लामसलत करणे भाग पाडले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ऑक्टोबर २०२५ मध्ये महासंघाची नवी घटना स्वीकारली गेली. तिच्यात माजी खेळाडूंना आणि महिला खेळाडूंना स्थान मिळाले, ही मोठी सुधारणा होय. चाहता मात्र तिच्याही बाहेरच राहिला.

तरीही त्याचे हात पूर्ण बांधलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या क्रीडा महासंघांना माहितीचा अधिकार लागू होतो, आणि त्यापूर्वीही २०१० मध्ये केंद्राने दहा लाखांहून अधिक मदत घेणाऱ्या महासंघांबाबत तसेच ठरविले होते. स्टिमॅच खरे बोलले की खोटे, यावर भांडणाऱ्या दोन्ही गटांना प्रत्यक्षात एकच कागद हवा आहे. राष्ट्रीय प्रशिक्षकाने २०२३ मध्ये शिबिरांसाठी किती दिवस मागितले आणि त्याला किती मिळाले? ऑक्टोबर २०२३ च्या कराराचा मसुदा कोणी तपासला, कोणत्या तारखेच्या बैठकीत त्याला मंजुरी मिळाली? तडजोडीचे ३ कोटी ३६ लाख रुपये कोणत्या खात्यातून गेले आणि त्या वर्षी कनिष्ठ गटाच्या स्पर्धांवर किती खर्च झाला? हे प्रश्न नाशिकच्या पोस्टातूनही पाठविता येतात. अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भाईचुंग भुतियाचा ३३ विरुद्ध १ मतांनी पराभव करून चौबे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना चार वर्षांचा कालावधी मिळाला होता. म्हणजे या उत्तरांचा उपयोग व्हायचा असेल तर ती सप्टेंबर २०२६ पूर्वी हाती यायला हवीत.